मामांच्या गाण्यांची खातेवही

प्रश्न : सर, मी कोल्हापुरात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे मामा गोंधळी. त्यांच्या पार्टीची अंबाबाई-जोतिबाची 8 गाणी मी ऑनलाइन टाकते. त्यातल्या दोन गाण्यांचे शब्द आणि चाल मामांची. मध्यंतरी डिस्ट्रिब्युटर (गाणी ऑनलाइन अ‍ॅपवर पोचवणारी कंपनी) बदलला आणि ऐकल्याचे आकडे शून्यावर आले. 'नवे कोड पडले' म्हणतात. हे कोड काय असतात? या कामात नोकरी आहे का? बाबा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे.

उत्तर : आधी मामांच्या गाण्यांचं बघू, कारण तुझ्या नोकरीचं उत्तरही त्यातच आहे.

त्या 8 गाण्यांच्या अल्बमला बारकोड एकच. दुकानात साबणाच्या वडीवर असतो तसाच, 12 किंवा 13 अंकी. तो आख्ख्या अल्बमची ओळख. प्रत्येक रेकॉर्डिंगला मात्र स्वतंत्र आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख-कोड; 8 गाण्यांना 8. हा 12 जागांचा असतो : पहिल्या पाच जागा कोड देणाऱ्याच्या ओळखीच्या, पुढचे दोन अंक वर्षाचे, उरलेले पाच त्या रेकॉर्डिंगचे. वर्ष म्हणजे कोड दिला ते, गाणं गायलं ते नव्हे. इथं पुष्कळ जण चुकतात.

रेकॉर्डिंग तेच असेल तर आयएसआरसी तोच राहिला पाहिजे, डिस्ट्रिब्युटर कुणीही असो. तेच गाणं उद्या दुसऱ्या संग्रहात घेतलंस तर संग्रहाचा बारकोड नवा, गाण्याचा कोड जुनाच. मामांनी ते जत्रेत पुन्हा गायलं आणि तू ते रेकॉर्ड केलंस, तर मात्र नवा. तुमच्याकडे नेमकी इथं चूक झाली : त्याच रेकॉर्डिंगना नवे कोड पडले, म्हणून आकडे शून्यावर आले. जुन्या खात्यातून किंवा आयएफपीआय या रेकॉर्ड कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या आयएसआरसी शोध-पानावरून जुने कोड काढ आणि ते बसवून द्या असं नव्या डिस्ट्रिब्युटरला लेखी कळव.

आणखी एक. कोड मिळाला म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगळा. त्याचा कोड आयएसडब्ल्यूसी. त्यासाठी मामांनी गीतकार-संगीतकारांच्या आयपीआरएस या संस्थेचं सभासद होऊन आपल्या रचना नोंदवायला हव्यात. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनं भक्कम केला आहे, पण नोंदच नसेल तर पैसे कुणाच्या खात्यात जमा करायचे? आपल्या भागातल्या कितीतरी शाहिरांचं, भजनी मंडळांचं गाणं असं बेवारशी फिरतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता नोकरी. म्युझिक कंपन्या, डिस्ट्रिब्युटर आणि कॉपीराइट संस्थांत मेटाडेटा (गाण्याची नाव, गायक, कोड अशी नोंद) आणि रॉयल्टीच्या हिशेबाचं काम असतं. कार्यालयं बहुतेक मुंबईत, जागा बँकेइतक्या नाहीत. हे बाबांना स्पष्ट सांग. पण काम खातेवहीचंच आहे, त्यामुळे बी.कॉम. वाया जात नाही. एक्सेल पक्कं कर. नावांचं स्पेलिंग एकच ठेवायची सवय लाव. एकाच गायकाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलं की त्याची गाणी तीन माणसांत वाटली जातात. महागडा कोर्स आत्ता नको. बँकेचा अभ्यासही सोडू नकोस, सकाळचे दोन तास त्याला दे.

या महिन्यात 8 गाण्यांची एक शीट कर : नाव, गायक, वादक, शब्द कुणाचे, चाल कुणाची, जुना कोड, बारकोड. पारंपरिक गाण्यापुढे 'पारंपरिक' असंच लिही, तिथं मामांचं नाव घालू नकोस. मामांची ती दोन गाणी सगळ्यात वर घे. संबळ कोण वाजवतं तेही लिही.