वळणावरची सायकल आणि वाटेवरची दुकानं
वाचकांचे प्रश्न : शहरातली क्रिटेरियम शर्यत

प्रश्न : लांब पल्ल्याच्या शर्यतीत मी घोळक्यात आरामात टिकतो. क्रिटेरियममध्ये (बंद रस्त्यांवरच्या छोट्या फेरीला पुन्हापुन्हा चकरा मारायची शर्यत) मात्र दहा मिनिटांतच मागे पडलो आणि पंचांनी बाहेर काढलं. दम कमी पडतोय का?

उत्तर : बहुधा नाही. तुम्ही घोळक्यात कितव्या जागेवर होतात ते आठवा. एक किलोमीटरची, चार वळणांची फेरी ताशी ४० किलोमीटरने ९० सेकंदांत संपते. ४० मिनिटांत साधारण २७ फेऱ्या, म्हणजे शंभराहून जास्त वळणं. पुढचे पाच-सहा जण वळणात जवळजवळ ब्रेक न लावता शिरतात. त्यांच्यामागचे थोडा लावतात, त्यांच्यामागचे आणखी थोडा, आणि शेपटीला असलेल्याला वळणाच्या तोंडाशी जवळपास थांबावं लागतं. तो बाहेर पडेपर्यंत पुढचे सुसाट निघालेले असतात. मग उभं राहून जीव तोडून पॅडल मारायचं, पुढच्याचं चाक गाठायचं, की लगेच दुसरं वळण हजर. पुढच्यांपेक्षा कमी ताकदीचा गडी नसूनही मागचा असा पिळून निघतो.

म्हणून पहिल्या दहा-पंधरांत राहा. ती जागा शर्यतीच्या आधीच कमवावी लागते : वॉर्मअप वेळेत उरका आणि सुरुवातीच्या रेषेवर दहा मिनिटं आधी जाऊन उभे राहा. क्लीट (बुटाच्या तळाची पॅडलमध्ये अडकणारी पट्टी) पहिल्या फटक्यात अडकली नाही तर पाच-दहा जागा तिथेच जातात, तेव्हा तेवढी एक गोष्ट वेगळी घोटवून घ्या. पुढे सरकायचं ते सरळ रस्त्यावर, वेग मंदावला की कडेने. वळणात आतून घुसून जागा मिळवणारे स्वतःही पडतात आणि चौघांना पाडतात.

वळण घेताना हात हँडलच्या खालच्या वाकावर, बाहेरचा पाय खाली आणि वजन त्यावर, नजर वळणाच्या बाहेर पडण्याच्या जागेवर. ब्रेक लावायचा तो सायकल झुकण्याआधी. झुकलेल्या सायकलीचा पुढचा ब्रेक दाबला की चाक घसरतं. पॅडल सुरू करायची घाई नको, आतलं पॅडल रस्त्याला टेकलं की मागचं चाक उचललं जातं. एकटे असाल तर बाहेरून आत आणि पुन्हा बाहेर अशी रेषा धरा. घोळक्यात मात्र तुमची रेषा शेजारी ठरवतो.

प्रश्न : टायरमध्ये हवा किती? पावसात?

उत्तर : ट्यूब असलेला २८ मिलिमीटरचा टायर आणि ६५-७० किलोचा स्वार असेल तर ७० पीएसआयच्या आसपास सुरुवात करा. ओल्या रस्त्यावर पाच-सात कमी. दगडासारखा टणक टायर वेगवान वाटतो खरा, पण खडबडीत वळणावर उड्या मारतो आणि पकड सोडतो. पावसात मॅनहोलची झाकणं आणि रस्त्यावरचे रंगीत पट्टे सायकल सरळ असतानाच ओलांडा.

प्रश्न : पंक्चर झाल्यावर ‘फ्री लॅप’, म्हणजे दुरुस्तीसाठी फेरीची सूट, कधी मिळते?

उत्तर : पंक्चर, पडणं किंवा खरोखरची मोडतोड झाली तर. पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या ठरलेल्या जागी, जा, पंचाला दाखवा, तो सांगेल तेव्हा आपल्याच गटाच्या शेपटीला लागा. आपणच सैल ठेवलेला पार्ट निखळला तर सूट नाही, आणि शेवटच्या काही फेऱ्यांत कुणालाच नाही. नेमका आकडा त्या शर्यतीच्या नियमपत्रकात वाचा. डिस्क ब्रेक असेल तर सुटं चाक घरीच बसवून पाहा. रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) केसभर इकडेतिकडे असला तरी पॅडला घासतो, आणि पिटमध्ये कॅलिपर (पॅड धरणारा भाग) जुळवायला वेळ नसतो.

प्रश्न : आमच्या क्लबला शहराच्या मध्यभागी शर्यत भरवायची आहे. दुकानदारांचा विरोध आहे. काय करावं?

उत्तर : त्यांचा राग सायकलवर नसतो, दिवसभराचं गिऱ्हाईक बुडण्यावर असतो. परवानगीचा अर्ज करण्याआधी प्रत्येक दुकानात जा. हातात एक पानाचा नकाशा असू द्या : कोणता रस्ता किती ते किती बंद, माल कधी उतरवता येईल, गाड्या कुठे लावायच्या, लोक कुठून ओलांडतील. ‘सकाळी थोडा वेळ’ असं मोघम बोलू नका. सात ते अकरा म्हणालात तर अकराला बॅरिकेड हललेच पाहिजेत, नाहीतर पुढच्या वर्षी दारात उभं करणार नाहीत.

माणसं ओलांडायची जागा सरळ रस्त्यावर, वळणापासून दूर ठेवा. ९० सेकंदांच्या फेरीत घोळका २० सेकंद लांबला तरी मधे मिनिटभर मिळतं. पण चौघं पुढे निसटले की तेच मिनिट दोन तुकड्यांत विभागलं जातं, म्हणून तिथे शिट्टी आणि दोरी घेतलेले दोन पक्के मार्शल हवेत, हौशी पोरं नकोत.

पैसे मागण्यापेक्षा ‘प्रीम’ मागा, म्हणजे मधल्या एखाद्या फेरीत रेषा पहिल्यांदा ओलांडणाऱ्याचं बक्षीस. घंटा वाजते, निवेदक दुकानाचं नाव घेतो, लोक पुढे सरकतात. दुकानदाराला दिलेल्याचा मोबदला तिथेच दिसतो. दोन मोठ्या शर्यतींच्या मधे लहान मुलांची एक फेरी ठेवा. आईबाप येतात, आणि तेच खरेदीही करतात.

बॅरिकेडचा हिशोब लोक नेहमी कमी धरतात. समाप्तीरेषेआधी १५० मीटर आणि नंतर ५०, दोन्ही बाजूंनी धरलं तर अडीच मीटरचे १६० लागतात. वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या खांबांना जाड गाद्या गुंडाळा. पहाटे झाडू मारून वळणातली वाळू काढा, आणि रुग्णवाहिकेला आत यायला कोणतं बॅरिकेड कोण उघडणार ते नावानिशी ठरवून ठेवा.