सासरच्या चुलीला घाबरू नकोस

ताई, लग्नाला जेमतेम महिना झालाय आणि तू पुरणाचे मांडे शिकायला निघालीस? ते राहू दे. पहिल्या वर्षात तीनच गोष्टी हाताला बसव: भाकरी, शेवभाजी, भरीत.

भाकरी आधी. ती कळण्याच्या पिठाची; हे पीठ आमच्याकडे खानदेशात किलोभर ज्वारीला पाव किलो अख्खे उडीद आणि थोडं मीठ घालून दळतात. लागेल तेवढंच, एका भाकरीपुरतं पीठ घे आणि तळहाताने रगडून मळ. कडा फाटतात त्या मळणं कमी पडलं म्हणून, किंवा पीठ जुनं झालं म्हणून. जुनं असेल तर कोमट पाणी घे. थापताना बोटांनी दाबू नकोस. माझ्या पहिल्या भाकरीचा नकाशा झाला होता, दीर अजून चिडवतात.

शेवभाजीत सगळ्यांची चूक एकच: शेव आधी टाकून ठेवतात आणि ताटात लगदा येतो. कांदा-खोबरं चांगलं काळपट भाजायचं, पण जळू द्यायचं नाही, नाहीतर रस्सा कडू होतो. जाड तिखट शेव पानं वाढल्यावरच घाल.

भरताला हिरवी-पांढरी मोठी वांगी, जळगावकडच्या बामणोद गावची मिळाली तर सोनंच. कपाशीच्या काड्या नसतील तर गॅसवर भाज, पण आधी टोचे मार, नाहीतर वांगं फुटतं. लाल तिखट नको, हिरवी मिरचीच.

आणि मिठाचं प्रमाण सासूबाईंना विचार. प्रत्येक घराचं वेगळं असतं.