स्टँडर्ड एरर नेमकी कशाची?
सूत्र पाठ करण्याआधी एक फासा घ्या. एका फेकीत 1 ते 6 काहीही पडतं, सरासरी 3.5, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पडतात ते) साधारण 1.71. आता 25 वेळा टाका आणि त्यांची सरासरी वहीत लिहा, समजा 3.2. पुन्हा 25 वेळा: 3.72. असं करत राहिलात की हे आकडे 3.5 भोवती दाटी करू लागतात. या सरासऱ्यांचं वितरण म्हणजे नमुना-वितरण, आणि त्याचा विस्तार म्हणजे प्रमाण त्रुटी, म्हणजेच स्टँडर्ड एरर: 1.71 भागिले 25चं वर्गमूळ 5, सुमारे 0.34.

गल्लत होते ती इथेच. फेकी कितीही वाढवा, फाशाचं विचलन 1.71च राहतं, कमी होते ती सरासरीची डळमळ. तीही वर्गमुळाच्या हिशोबाने! त्रुटी निम्मी हवी तर फेकी चौपट, म्हणजे 100. गणितात विचारलंय ते एका निरीक्षणाबद्दल की सरासरीबद्दल, हे आधी बघा, मगच वर्गमुळाने भागा.