'घाशीराम' वर्गात घेतलं, पण पोरं समीक्षाच उतरवून आणतात

प्रश्न : ताई नमस्कार, मी बीएच्या शेवटच्या वर्षाला मराठी शिकवतो. यंदा विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' हे नाटक घेतलंय. वर्गात मोठ्याने वाचलं तेव्हा पोरांना जाम मजा आली. मग मी समीक्षेच्या तीन लेखांच्या झेरॉक्स वाटल्या आणि म्हटलं स्वतःचं मत लिहून आणा, तर बहुतेकांनी त्याच लेखांतली वाक्यं मागेपुढे करून आणली. दोघातिघांनी लेख वाचलेच नाहीत, त्यांचं एकच पालुपद, की नाना फडणवीस असे नव्हतेच, नाटक खोटं आहे, विषय संपला. आता समीक्षा द्यायचीच नाही का?

उत्तर : द्यायची हो, पण उशिरा द्यायची. मीसुद्धा पहिल्या वर्षी हाच घोळ घातला होता. आधी लेख दिले आणि मग नाटक, म्हंजे पोरांना जेवायच्या आधीच कुणीतरी सांगितलं की भाजीत मीठ कमी आहे, मग त्यांना दुसरं काही लागणार कसं! छापलेल्या लेखाचा धाक असतोच, त्यात समीक्षकाचं नाव मोठं असेल तर विचारूच नका.

आधी त्या दोघातिघांचं बघू, कारण मला विचाराल तर तुमच्या वर्गातला सगळ्यात कामाचा माल तोच आहे. ते चिडलेत म्हंजे नाटक त्यांना लागलंय. त्यांना गप्प करू नका, उलट कामाला लावा. इतिहासात काय घडलं ते शोधून आणा म्हणा. घाशीराम नावाचा कोतवाल पुण्यात खरंच होता, ऑगस्ट १७९१ मध्ये त्याच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि त्यावरून उसळलेल्या संतापात लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. आता हे सगळं नाटकात आहे, मग खोटं नेमकं काय? ते म्हणतील नानांना स्त्रीलंपट दाखवलंय. बरोबर, आक्षेप घेणाऱ्यांचा मुख्य मुद्दा तोच होता. मग त्यांना सांगा की खुद्द तेंडुलकरांनीच हे ऐतिहासिक नाटक नाही असं म्हणून ठेवलंय. इथे वर्ग एकदम जागा होतो बघा, कारण पुढचा प्रश्न पोरं आपणहून विचारतात, की ऐतिहासिक नाही तर मग खरी नावं कशाला घेतली? त्याचं उत्तर तुम्ही देऊ नका, लोंबकळत ठेवा. आणि हो, मोरोबा कान्होबांचं 'घाशीराम कोतवाल' नावाचं पुस्तक १८६३ सालचं आहे, म्हंजे या माणसाची गोष्ट करून सांगायची खोड काही तेंडुलकरांपासून सुरू झालेली नाही, हेही जाताजाता सांगून टाका.

आता लेखांचं. तीन नको, दोनच द्या, आणि एकमेकांशी भांडणारे द्या. एक असा, जो म्हणतो नानांची आणि पुण्याच्या ब्राह्मणांची बदनामी केली. दुसरा असा, जो म्हणतो नाना हे फक्त निमित्त, नाटक आहे ते सत्तेबद्दल, आपल्या सोयीसाठी एक घाशीराम उभा करायचा आणि तो जड व्हायला लागला की जमावाच्या हवाली करून मोकळं व्हायचं. नाटक १९७२ च्या डिसेंबरात पुण्यात आलं, तेव्हाच्या राजकारणाशी त्याचा धागा जोडणारे बरेच आहेत, त्यामुळे दुसऱ्या बाजूचे लेख ढिगाने मिळतील. मग काम फक्त एवढंच, समीक्षकाचं प्रत्येक विधान घ्यायचं आणि त्यासमोर नाटकातला पान नंबर लिहायचा, पान सापडलं नाही तर प्रश्नचिन्ह. बस. मत-बित काही मागू नका त्या दिवशी. पहिल्यांदा हे करून घेतलं तेव्हा एका मुलीने एका भारदस्त लेखावर अकरा प्रश्नचिन्हं टाकून आणली होती, आणि तिचा चेहरा असा झाला होता की काहीतरी चोरी पकडलीये.

एक सांगते, माझ्या अनुभवात पोरं दुसऱ्या लेखाच्या लगेच प्रेमात पडतात, "हे सत्तेचं नाटक आहे" हे वाक्य ऐकायला फार भारी वाटतं ना. तिथे त्यांना अडवायचं. नुसतं सत्तेचंच असेल तर मग नाटकात रंगमंचावर उभी असते ती बारा जणांची रांग ब्राह्मणांचीच का? ती रांग म्हंजे भिंत, तोच पडदा, झाकायचं असेल तेव्हा प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहणारीही तीच. याला बगल देऊन सरळ सत्तेवर उडी मारणारा लेख मला तरी जरा सोयीचा वाटतो, आणि बदनामी म्हणून थांबणारा लेख त्याहून सोयीचा. शिवाय दोन्ही बाजूंच्या लेखांत घाशीरामची मुलगी गौरी कितीशी येते ते मोजायला लावा. जिला नानांच्या हवाली करून घाशीरामने अख्खी कोतवाली मिळवली ती मुलगी नाटकात बोलते किती आणि समीक्षक तिच्यावर लिहितात किती, हे एकदा मोजलं की पोरांना स्वतःचं मत आपोआप फुटतं, उतरवायला लेखच उरत नाही.

अभ्यासाला अजून कुणाचं द्यायचं असेल तर शांता गोखल्यांचं मराठी नाटकावरचं इंग्रजी पुस्तक बघा, २००० सालचं. आणि एक मजेची गोष्ट, या नाटकाच्या इंग्रजी भाषांतरात जयंत कर्व्यांबरोबर एलिनॉर झेलियट होत्या, ज्या मुळात इतिहासाच्या अभ्यासक. जे नाटक इतिहास नाही असं लेखक सांगतो ते भाषांतर करायला इतिहासकाराला का घ्यावंसं वाटलं असेल, यावर अर्धा तास तर आरामात जातो.

त्यांचाच पुढचा प्रश्न : आमच्या पोरांनी प्रयोग पाहिलेला नाही. संगीताबद्दल बोलायचं कसं? यूट्यूबवर बघा सांगू का?

उत्तर : जपून सांगा. त्याच नावाचा १९७६ चा सिनेमा आहे, ओम पुरी घाशीराम आणि मोहन आगाशे नाना, पटकथा तेंडुलकरांचीच, पण ते नाटकाचं शूटिंग नव्हे, तो वेगळाच प्रकार आहे. माझ्याकडे एकाने अख्खा निबंध सिनेमावर लिहून वर जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाचं कौतुक केलं होतं! नाटक पटेलांनी बसवलं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांची, पण सिनेमाचं दिग्दर्शन पटेलांचं नाही.

संगीतासाठी वर्गच वापरा. खरंखोटं ठरवायला एका माणसाच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवून दिव्य करायला लावतात तो प्रवेश घ्या. एकदा सपाट वाचा, बातमी वाचल्यासारखा. मग बारा पोरं रांगेत उभी करा, टाळ्यांचा ठेका धरायला लावा, मध्ये मध्ये देवाचं नाम घ्यायला लावा आणि तोच प्रवेश परत करा. ठेक्यात पोरं डोलायला लागतात, एखादा हसतोसुद्धा, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की आपण एका माणसाचा हात भाजताना डोलतोय. तिथे थांबा, काही समजावू नका. एक सांगायचं राहिलं, पोरांना लाज वाटली तर वाटू दे, पण ज्याला रांगेत उभं राहायचं नसेल त्याला जबरदस्ती करू नका, तो बघेल आणि काय दिसलं ते लिहील, बहुतेक वेळा सगळ्यात चांगलं तोच लिहितो.

मग तेच दोन लेख परत काढा आणि विचारा, यातल्या कुणी प्रयोग पाहून लिहिलंय आणि कुणी नुसती संहिता वाचून?