2020 मध्ये पोलंडचा व्हिसा संपला, कार्ड वर्षभरानं मिळालं. मधला काळ ओव्हरस्टे (मुदत संपल्यावरचं बेकायदा राहणं) धरतात का?

तुम्ही विचारलंय की भावाचा पोलंडचा वर्क व्हिसा एप्रिल 2020 मध्ये संपला, राहण्याचं कार्ड पुढच्या वर्षी हातात पडलं. आता त्याला जर्मनीसाठी अर्ज करायचाय, आणि कोल्हापूरच्या राजारामपुरीतला एजंट म्हणतोय, ‘ओव्हरस्टे झालाय, क्लिअर करायला पैसे लागतील.’

एजंटाला एक रुपया देऊ नका. क्लिअर करण्यासारखं त्यात काही नाही.

मी त्या वेळी तिकडंच होतो, शिरोली एमआयडीसीतून सीएनसीच्या कामावर गेलेला. मार्च 2020 मध्ये पोलंडनं कोरोनामुळं साथीची स्थिती जाहीर केली आणि महिनाअखेरीस कायदाच केला. तिथं कायदेशीर राहणाऱ्यांचा राष्ट्रीय व्हिसा किंवा कार्ड या काळात संपलं, तर त्याची मुदत आपोआप वाढली असं समजायचं, तेही साथीची स्थिती उठल्यावर 30 दिवसांपर्यंत. ती स्थिती 2022 मध्ये ‘साथीच्या धोक्याची’ झाली आणि पूर्णपणे उठली 1 जुलै 2023 ला. भावाचा सगळा काळ त्यात आरामात बसतो.

फक्त यासाठी ना अर्ज होता, ना फी, ना शिक्का. त्यामुळं पासपोर्ट उघडला की स्टिकरवर एप्रिल 2020 दिसतं आणि पुढं कोरं पान. कार्डासाठी अर्ज केला की एरवी पासपोर्टवर शिक्का मारून द्यायचे, पण साथीत बरेच अर्ज पोस्टानं गेले आणि शिक्के मागाहून मिळाले. एजंट लोक त्या कोऱ्या पानावरच धंदा करतात.

आता भावाला दोन गोष्टी नीट विचारा.

पहिली, त्या काळात त्यानं कंपनी बदलली का? राहण्याची मुदत वाढणं वेगळं आणि काम करायची परवानगी वेगळी. वर्क परमिटची मुदतही त्याच कायद्यानं वाढली होती, पण परमिट असतं त्या मालकाच्या नावावर. मधेच दुसऱ्या गोदामात जास्त पगारावर गेला असेल आणि नवा परमिट नसेल, तर अडचण तिथं आहे, व्हिसात नाही. आपली पोरं गल्लत करतात ती इथंच.

दुसरी, तो पोलंडबाहेर पडला होता का? ही मुदतवाढ सरहद्दीच्या आतच चालायची. त्या संपलेल्या व्हिसावर जर्मनीत फिरणं कायद्यात बसत नव्हतं, आणि भारतात येऊन परत जायचं तर नवा व्हिसाच लागायचा.

दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असेल, तर फॉर्मवर ओव्हरस्टेबद्दल विचारलं असेल तिथं ‘नाही’ लिहायचं आणि सोबत अर्ध्या पानाचं पत्र जोडायचं: व्हिसा कधी संपला, कार्डाचा अर्ज कधी केला, मुदतवाढ कुठल्या कायद्यानं होती. पुरावा म्हणून झूसच्या (तिकडच्या सामाजिक विम्याच्या) ऑनलाइन खात्यातून महिनावार भरण्याची प्रिंट काढायला सांगा. मालकानं दिलेला पिट-11 (वर्षाच्या पगाराचा आणि कराचा दाखला) आणि कार्डाचा अर्ज पाठवल्याची पोस्टाची पावतीही लावा. झूसच्या कागदावर एप्रिल, मे, जून असे महिने एकाखाली एक आणि समोर त्याच कंपनीचं नाव असेल, तर वेगळं काही सिद्ध करावं लागत नाही.

दुबईवाल्या पाहुण्यांचे सल्ले इथं लावू नका. त्यांना आधी डिसेंबर 2020 पर्यंत मुदत दिली आणि जुलैमध्येच तो निर्णय फिरवला. अमेरिकेत तर सरसकट मुदतवाढ नव्हतीच, वेळेत अर्ज केला तोच टिकला. देश बदलला की नियम बदलतो.

(आणि महायुद्धात पाच हजारांच्या आसपास पोलिश लोक आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात राहिले होते, हे अर्जाच्या खिडकीवर सांगून काडीचा फायदा होत नाही. मी सांगून बघितलंय. बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, झेरॉक्स राहिली.)

पासपोर्ट रिन्यू करणार असेल तर कोपरा कापून परत मिळालेला जुना पासपोर्ट जपून ठेवायला सांगा. जर्मनीच्या अर्जाला तोही लावावा लागेल.