उंदीर कमी हलला, पण का? एलपीएसच्या पहिल्या प्रयोगाआधीचं पत्र

चि.,

अनेक आशीर्वाद.

तुझी प्रयोगाची रूपरेषा वाचली. एलपीएस (लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन, ज्याने जिवंत जिवाणू नसतानाही आजारपण येतं) टोचायचं, २ तासांनी ओपन फील्डमध्ये, म्हणजे मोकळ्या रिंगणात, उंदीर किती चालतो ते मोजायचं, २४ तासांनी पोहण्याची चाचणी घ्यायची आणि मग मेंदू काढून त्यातलं आयएल-१ बीटा हे दाहाचं प्रथिन मोजायचं. यातली एकही पायरी चुकीची नाही, प्रत्येकीला छापील आधार सापडेल. पण एवढं करून उंदीर कमी हलला इतकंच कळेल. का कमी हलला, ते कळणार नाही. रोगप्रतिकारशक्ती आणि वर्तन यांच्या अभ्यासात खरा प्रश्न तोच आहे: उंदराला जमत नाही, की जमत असूनही करावंसं वाटत नाही?

हा फरक नील मिलर यांनी १९६४ सालीच दाखवला होता. जिवाणूंचं एंडोटॉक्सिन दिलेले रॅट पाण्यासाठी कळ दाबेनासे झाले. अशक्तपणा आला म्हणून, असं कोणीही म्हटलं असतं. मिलर यांनी तसेच रॅट फिरत्या पिंपात ठेवले. तिथे कळ दाबली की पिंप थोडा वेळ थांबायचं. आजारी रॅट ही कळ जास्त दाबू लागले. पंजात ताकद होती आणि कळ दाबली की काय होतं हेही त्यांना ठाऊक होतं. बदलला होता तो गरजांचा क्रम: विश्रांती वर आली, पाणी खाली गेलं.

१९९७ साली रॉबर्ट डँट्झर यांच्या गटाने हेच पिल्लं असलेल्या माद्यांमध्ये पाहिलं. एलपीएस दिलेली मादी नेहमीच्या खोलीत विखुरलेली पिल्लं उचलून आणायची, पण घरटं बांधायची नाही. खोली ६ अंश सेल्सिअसला नेली तेव्हा तिने घरटंही बांधलं. त्या थंडीत उघड्यावरची पिल्लं जगली नसती. म्हणजे आजारी मेंदूसुद्धा हिशेब करत असतो. बेंजामिन हार्ट यांनी १९८८ साली मांडलेलं म्हणणंही हेच: भूक मरणं, झोप येणं, कोणाशी बोलावंसं न वाटणं, या सगळ्यातून शरीर तापासाठी लागणारी ऊर्जा वाचवतं. कणकण आल्यावर पांघरूण ओढून पडणारा माणूस त्याच हिशेबाने वागत असतो.

म्हणून प्रत्येक चाचणी निवडताना स्वतःला विचार: 'जमत नाही' आणि 'नको वाटतं' यांत ही चाचणी फरक करू शकेल का? ओपन फील्ड एकटं करू शकत नाही. पोहण्याची चाचणी तर त्याहून वाईट. २४ तासांनी उंदराचं वजन घटलेलं असतं, काहींचं शरीर अजून थंड असतं, आणि पाणी २३ ते २५ अंशांचं. तो तरंगत राहिला याला नैराश्यसदृश वर्तन म्हणण्याआधी त्याच दिवशी त्याच उंदराची हालचाल पूर्ववत झाली होती हे दाखवावं लागतं. ते दाखवता येत नसेल तर ती चाचणी घेऊच नकोस.

आता निरोप मेंदूपर्यंत पोहोचतो कसा, कारण वेळापत्रक त्यावरच ठरतं. एलपीएस मुख्यतः बाहेरच काम करतं: मॅक्रोफेज पेशींवरचा टीएलआर-४ हा ग्राही त्याला ओळखतो आणि टीएनएफ, आयएल-१ बीटा, आयएल-६ हे सायटोकाइन, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचे निरोप नेणारी प्रथिनं, बाहेर पडतात. पुढचे रस्ते अनेक आहेत. पोटातून व्हेगस चेतातंतू मेंदूच्या देठाकडे संदेश नेतात. जिथे रक्त-मेंदू अडसर सैल असतो, त्या एरिया पोस्ट्रीमासारख्या जागा रक्तातलं थेट चाखतात. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी कॉक्स-२ हे विकर वापरून प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार करतात. ते हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात पोहोचलं की ताप चढतो. २०२२ साली तर मेंदूच्या देठातला आणि हायपोथॅलॅमसमधला असे दोन न्यूरॉनसमूह दाखवले गेले, जे चेतवले की संसर्ग नसतानाही आजारी वर्तनाचा बराच भाग उमटतो. रक्तात टीएनएफ साधारण तासा-दीड तासात शिखर गाठतं, आयएल-६ त्यानंतर, आणि वर्तन सर्वांत दबलेलं असतं २ ते ६ तासांत. २४ तासांनी ही लाट ओसरलेली असते. उरतं ते बरंचसं वेगळ्या यंत्रणेचं. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाला कायनुरेनिनकडे वळवणारं आयडीओ हे विकर रोखलं, तर सायटोकाइन तसेच वाढतात पण २४ तासांचं नैराश्यसदृश वर्तन दिसत नाही, हे २००९ साली उंदरांत दिसलं. त्यामुळे २ तासांचा आणि २४ तासांचा आकडा एकाच आलेखात 'सौम्य' आणि 'तीव्र' म्हणून जोडू नकोस. ते दोन वेगळे प्रश्न आहेत.

एलपीएसची कुपी उघडण्याआधी तिच्यावरचा सेरोटाइप (जिवाणूचा उपप्रकार) आणि लॉट नंबर वहीत लिही. ओ१११:बी४ आणि ओ५५:बी५ यांची ताकद सारखी नसते. इतकंच काय, एकाच सेरोटाइपच्या दोन लॉटचीही नसते. मिलिग्रॅममधला डोस सारखा असूनही जैविक डोस वेगळा पडतो. प्रत्येक नव्या लॉटवर आधी छोटी चाचणी घे: सलाईन आणि किलोमागे ०.१, ०.३३, ०.८३ मिग्रॅ., प्रत्येकी चार उंदीर, २४ तास वजनाची नोंद. साठवणीचं द्रावण १ मिग्रॅ. प्रति मिली. ठेव, पायरोजनमुक्त (ताप आणणारे अंश नसलेल्या) सलाईनमध्ये. ०.३३ च्या डोससाठी त्यातलं ०.३३ मिली. घेऊन ९.६७ मिली. सलाईन घाल. उंदराच्या दर ग्रॅमला १० मायक्रोलिटर टोचायचं, म्हणजे २५ ग्रॅमच्या उंदराला २५० मायक्रोलिटर, त्यात ८.२५ मायक्रोग्रॅम एलपीएस. हे रेणू एकमेकांना आणि नळीच्या भिंतीला चिकटतात. म्हणून काढण्याआधी प्रत्येक वेळी मिनिटभर व्हॉर्टेक्सवर (नळी जोरात हलवणाऱ्या यंत्रावर) धर, एकदाच वापरायच्या छोट्या नळ्या भरून गोठव आणि वितळलेली नळी पुन्हा फ्रीझरमध्ये टाकू नकोस. पहिल्या उंदराला पातळ आणि शेवटच्याला दाट द्रावण जाण्याचं कारण बहुधा इथेच असतं, आणि मग आपण 'वैयक्तिक भिन्नता' या नावाखाली ते छापतो.

नियंत्रण गटाचं सलाईनही तितकंच जप. आणि विकतचं सायटोकाइन टोचणार असशील तर ते जिवाणूंत बनवलेलं आहे का ते पाहा, कारण त्यात एलपीएसचा अंश असू शकतो. ते तपासायला सी३एच/एचईजे ही उंदरांची जात आहे. तिच्या टीएलआर-४ जनुकात बिघाड आहे, तो १९९८ साली ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने शोधला. ही जात एलपीएसला जवळजवळ दाद देत नाही. तिच्यातही परिणाम दिसला तर तो सायटोकाइनचा मानायला जागा आहे.

खोलीचं तापमान ही गोष्ट सगळे विसरतात. प्राणीगृह २० ते २२ अंशांवर असतं. आपल्याला ते सुखाचं, उंदराला थंड. त्याला अंग तापवण्यासाठी खर्च करावा लागत नाही असं तापमान ३० अंशांच्या आसपास आहे. २२ अंशांवर मोठा डोस दिला की अनेकदा ताप येतच नाही, उलट शरीर गार पडतं. त्याच डोसला ३० अंशांवर वेगळं चित्र दिसतं. गार पडलेला उंदीर हलला नाही तर तू प्रेरणा मोजलीस की थंडी? निदान एक गट ३० अंशांवर ठेव. गुदद्वारातून तापमान घेऊ नकोस, कारण नुसतं हाताळल्याने ते दहा-पंधरा मिनिटांत जवळपास अंशभर चढतं. त्वचेखाली किंवा पोटात बसवायची टेलिमेट्री चिप महाग वाटेल, पण तिच्याशिवाय तापाविषयी काही लिहू नये असं माझं मत आहे.

वेळही तशीच. उंदीर रात्री जागतो. सकाळी १० वाजता झोपाळू उंदराला टोचून तो झोपाळू झाला म्हणण्यात काही राम नाही. दिव्याचं चक्र उलटं करून घे, त्यासाठी दोन आठवडे जाऊ देत, आणि अंधार सुरू होण्याच्या सुमारास इंजेक्शन दे. त्याआधी पाच दिवस रोज हाताळ आणि शेवटचे दोन दिवस सलाईन टोचून सवय कर.

पिंजऱ्याकडे येऊ. एकाच पिंजऱ्यात दोन आजारी आणि दोन निरोगी ठेवले तर आजाऱ्यांचा वास निरोग्यांचं वर्तन बदलतो. सगळे आजारी एका पिंजऱ्यात आणि सगळे निरोगी दुसऱ्यात ठेवले तर पिंजरा आणि उपचार यांची गल्लत होते, कारण आतड्यातले जिवाणूही पिंजऱ्यागणिक वेगळे असतात. मार्ग एकच: प्रत्येक उपचाराला अनेक पिंजरे, आणि विश्लेषणात पिंजरा हा घटक धरलेला. वीस उंदीर चार पिंजऱ्यांत असतील तर तुझा नमुना वीसचा नाही.

सुक्रोजची चाचणी, म्हणजे उंदराला गोड पाण्याची आवड किती उरली ते पाहणं, सगळ्यांना सोपी वाटते. १ टक्का सुक्रोज आणि साधं पाणी, दोन बाटल्या, १२ तासांनी जागा अदलाबदल. आता आकडा बघ: आजारी उंदीर रात्रभरात सगळं मिळून ०.६ मिली. प्यायला आणि हलवताना बाटलीतून ०.३ मिली. गळलं, तर सुक्रोजची टक्केवारी ही गळतीची टक्केवारी झाली. रिकाम्या पिंजऱ्यात दोन बाटल्या लावून गळती मोज आणि ती वजा कर. किमान किती प्यायलेला उंदीर विश्लेषणात धरायचा ते आधीच लिहून ठेव. आणि एकूण प्राशन टक्केवारीशेजारी छाप. एकूण घटलं आणि पसंती तशीच राहिली तर त्या उंदराला गोडी कळते आहे, फक्त तो उठत नाही. हा निष्कर्ष 'आनंद हरपला' या वाक्याच्या अगदी उलट आहे.

तुझ्या प्रश्नाला खरं उत्तर देईल अशी चाचणी म्हणजे कष्ट आणि मोबदला यांची निवड. कळ दाबून आवडीची गोळी, किंवा शेजारीच फुकट पडलेलं साधं खाद्य. कळ दाबणं घटलं आणि फुकटचं खाणं तसंच राहिलं, तर भूक शाबूत आहे आणि कष्टाची तयारी गेली आहे. दोन्ही घटलं, तर भूकच मेली. शिकवायला तीन-चार आठवडे जातात. ते आठवडे दे.

मेंदू काढताना आधी थंड सलाईनने हृदयातून रक्त धुऊन काढ, नाहीतर मेंदूतलं म्हणून रक्तातलंच आयएल-६ मोजशील. मायक्रोग्लिया (मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी) वेगळे करायचे असतील तर ३७ अंशांवर विकराने ऊती पचवण्याची पद्धत टाळ. त्या अर्ध्या तासात पेशी स्वतःच चेततात आणि एलपीएसचा परिणाम झाकतात. सगळं बर्फावर कर. आयबीए-१ या प्रथिनाचा रंग मायक्रोग्लियाला लागतो तसा बाहेरून आलेल्या मॅक्रोफेजलाही लागतो. त्यावरून 'सक्रिय मायक्रोग्लिया' असं लिहू नकोस.

रूपरेषेच्या शेवटच्या परिच्छेदात तू नैराश्यावर सूज कमी करणाऱ्या औषधांचा उल्लेख केला आहेस. तिथे जपून. इंटरफेरॉन अल्फा हे रोगप्रतिकारशक्ती चेतवणारं औषध घेणाऱ्या रुग्णांत मात्र आपला फरक लख्ख दिसतो: थकवा आणि भूक मंदावणं पहिल्या दोन आठवड्यांतच येतं, उदासी आणि विस्मरण नंतर. २००१ साली मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या ४० रुग्णांवरच्या अभ्यासात काहींना इंटरफेरॉनच्या उपचाराआधी दोन आठवडे पॅरोक्सेटीन हे नैराश्यविरोधी औषध सुरू केलं, तेव्हा गंभीर नैराश्य ४५ टक्क्यांऐवजी ११ टक्क्यांत दिसलं. त्याच औषधाने थकवा आणि भूक यांत मात्र फारसा फरक पडला नाही. उलट बाजूने, २०१३ साली औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांवरच्या चाचणीत टीएनएफ रोखणारं इन्फ्लिक्सिमॅब वापरलं, तर एकंदरीत प्लासिबोपेक्षा फायदा दिसला नाही. ज्यांचं सीआरपी (रक्तातली सुजेची खूण असलेलं प्रथिन) लिटरला ५ मिग्रॅ.च्या वर होतं त्यांना गुण येण्याकडे कल दिसला. ज्यांचं कमी होतं ते प्लासिबोपेक्षाही मागे राहिले. नैराश्य म्हणजे सूज, असं लिहिणाऱ्याने हा दुसरा भाग वाचलेला नसतो. शिवाय उंदराचा ०.३३ मिग्रॅ. आणि स्वयंसेवकांना देतात तो किलोमागे १-२ नॅनोग्रॅमचा डोस यांत लाखाहून अधिक पटींचं अंतर आहे. उंदरावरून माणसावर उडी मारताना ते लक्षात असू दे.

प्राणी नीतिसमितीकडे अर्ज जाईल तेव्हा त्यात वेदनामुक्त अंताची अट स्पष्ट लिही: मूळ वजनाच्या २० टक्के घट, किंवा डिवचल्यावरही न उठणं. पहिले ८ तास दर २ तासांनी पाहणी, रात्रीची जबाबदारी कोणाची ते नावासकट. पिंजऱ्याच्या तळाशी ओलसर खाद्य ठेव. हे केवळ समितीसाठी नाही. तहानेने व्याकूळ झालेला उंदीर तुझ्या कोणत्याच प्रश्नाचं उत्तर देत नाही.

सुधारलेली रूपरेषा पाठवशील तेव्हा लॉट नंबर, खोलीचं तापमान, दिव्याची वेळ आणि पिंजऱ्यांचा तक्ता पहिल्या पानावर असू दे. पोहण्याची चाचणी ठेवणार असशील तर तिच्याशेजारी त्याच उंदरांच्या हालचालीचा स्तंभ हवा. तो पाहिल्याशिवाय मी पुढचं पान वाचणार नाही.

तुझा हितचिंतक