गरजू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या स्वयंसेवकाने देखरेख नेमकी कशी ठेवावी?

ठाण्यातील एका धर्मादाय न्यासाने दहावीनंतरच्या गरजू मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली आहे आणि स्वयंसेवक म्हणून आपल्याकडे पंधरा मुले सोपवली आहेत, तर त्यांच्यावर देखरेख कशी ठेवावी, असे आपण विचारले आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून गेली नऊ वर्षे मी नवी मुंबईत हेच काम करीत आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की, मुलाच्या गुणांआधी आपण शिष्यवृत्तीच्या आपल्या हप्त्याच्या तारखेवर लक्ष ठेवावे. शुल्क प्रवेशाच्या वेळीच भरावे लागते, पुस्तके आणि रेल्वेचा पास लगेच लागतो. हप्ता दिवाळीनंतरच्या समारंभात मिळणार असेल, तर मधल्या चार महिन्यांसाठी आईने कामाच्या घरी उचल घेतलेली असते आणि आपली रक्कम ती उचल फेडण्यातच संपते. समारंभ हवा असेल तर खुशाल करावा. पैसे मात्र त्याआधीच पोचलेले असावेत.

गुणांविषयी सांगतो ते स्वतःच्या चुकीवरून. तुर्भे स्टोअर परिसरातील एका मुलीचे गुण एका सत्रात ८१ टक्क्यांवरून ५४ वर आले. आमची अट ६० टक्क्यांची होती, म्हणून समितीने तिचा हप्ता थांबवला आणि त्या कागदावर सही माझी होती. दोन महिन्यांनी मी तिच्या घरी गेलो, तेव्हा दारालगत शिलाई मशीन होते, शेजारी कापडी पिशव्यांचा कमरेएवढा ढीग होता आणि मशीनवर उघड्या पडलेल्या हिशेबशास्त्राच्या वहीच्या समासात शिवलेल्या पिशव्यांचा रोजचा आकडा मांडलेला होता. बाजारात हमाली करणारे वडील पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले होते आणि ही मुलगी रात्री एक वाजेपर्यंत मशीनवर बसत होती. मी विचारले, ‘‘आम्हाला कळवलं का नाहीस?’’ ती म्हणाली, ‘‘काका, तुमचं पत्र आलं, मग वाटलं की आता सांगून काय उपयोग.’’ आम्ही हप्ता पुन्हा सुरू केला, पण तोवर तिने सत्राचे परीक्षा शुल्कच भरलेले नव्हते. तेव्हापासून आमचा नियम असा आहे की, गुण घसरले की आधी गृहभेट घ्यायची आणि निर्णय त्यानंतर. ज्या मुलाला मदतीची सर्वांत जास्त गरज असते, त्याचेच गुण त्या वर्षी घसरलेले असतात, हे मी त्यानंतरही अनेकदा पाहिले आहे.

गृहभेटीला नेहमी दोघांनी जावे, त्यांत एक बाई असावी आणि वेळ आधी कळवावी. घरात फ्रीज दिसला म्हणून गरज नाही, असे ठरवू नये. भेट देणारा आणि रक्कम मंजूर करणारा एकच माणूस नसावा, कारण घर पाहून आलेला माणूस नकळत त्या मुलाचा वकील होतो किंवा क्वचित त्याच्यावर नाराज होतो. आधार कार्डाच्या प्रती आणि घरातले फोटो स्वयंसेवकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू देऊ नयेत, याबाबत मी फार आग्रही आहे.

उत्पन्नाच्या दाखल्यावर पालकांचे बरेच दिवस जातात. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराकडे पगाराची पावती नसते, त्यामुळे अर्जासोबत काय जोडायचे हे त्याला कोणीतरी समजावून सांगावे लागते. दाखला तहसीलदारांचा असतो आणि ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतची वस्ती ठाणे तालुक्यात, तर खारघर-कामोठे रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात येते, हे माहीत नसल्याने लोक चुकीच्या ठिकाणी खेपा घालतात.

बँकेचीही एक अडचण ध्यानात ठेवावी. बारावीच्या आसपास मूल १८ वर्षांचे होते, बँकेच्या लेखी अज्ञान म्हणजे अल्पवयीन असलेला खातेदार सज्ञान होतो आणि नवी कागदपत्रे व सही दिल्याशिवाय खात्याचे व्यवहार थांबू शकतात. त्यामुळे पंधराही मुलांच्या जन्मतारखा आजच वहीत लिहून ठेवा. शुल्क आम्ही थेट महाविद्यालयाच्या खात्यात भरतो, रेल्वेच्या पासाची आणि पुस्तकांची रक्कम मुलाच्या खात्यात जमा करतो आणि रोख कोणालाही देत नाही.

सरकारी योजनांची माहिती देणे हेही आपलेच काम आहे. आपल्याकडच्या मुलांच्या धाकट्या भावंडांपैकी कोणी सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीत असेल, तर त्याला केंद्राच्या आर्थिक दुर्बल घटकांसाठीच्या एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवावे. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना आपण शेजारी बसावे, कारण आधारशी न जोडलेल्या खात्यामुळे मंजूर झालेली रक्कमही अडकून पडते. सरकारकडून शुल्क सुटले, तर आपल्या न्यासाने हात आखडता न घेता ती रक्कम त्याच मुलाच्या प्रवासाला आणि जेवणाला द्यावी.

आणि काम हाती घेण्याआधी न्यासाकडे मागील वर्षाची नोंदवही मागा, प्रत्येक मुलाच्या नावापुढे शुल्क भरण्याची अंतिम तारीख आणि आपला हप्ता जमा झाल्याची तारीख शेजारी शेजारी लिहा, आणि तो कागद घेऊन विश्वस्तांच्या पहिल्या बैठकीला जा.